सात वर्षांची गाय, तीन वर्षांचा प्रकल्प

दापोलीला कृषी विद्यापीठ झालं १९७२ साली. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याच्याही आधीचं, १९५७चं. या दोन ठिकाणांनी कोकणाला काय दिलं, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा. नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आला, मग रत्ना आणि हापूसच्या संकरातून जवळजवळ बिनकोयीचा ‘सिंधू’. काजूत ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ ही कलमं लोक रोपवाटिकेत नाव घेऊन मागतात. या कामाची रीत साधी आणि जीवघेणी आहे. एका झाडाचे परागकण दुसऱ्याच्या मोहोरावर लावायचे, कोय रुजवायची, रोप फळावर येईपर्यंत थांबायचं, पहिली काही वर्षं ते कसं धरतंय ते पाहायचं आणि मग बहुतेक झाडं नापास करून एखादंच ठेवायचं. करणाऱ्याचे केस त्यात पिकतात. आंब्या-काजूसाठी कोकणाने अशी माणसं खर्ची घातली. गाईसाठी घातली नाहीत, ही माझी तक्रार आहे.

तक्रार विद्यापीठातल्या माणसांविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिथे पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्राचा विभाग आहे, कामंही होतात. आपल्या डोंगरउतारांवर चरणाऱ्या लहान चणीच्या गाईला ‘कोकण कपिला’ म्हणून देशपातळीवर स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली, तीही अलीकडे, २०१८ साली. अशी मान्यता अर्ज केला आणि मिळाली अशी होत नाही. त्यासाठी कुणीतरी वाडीवाडीवर फिरून गुरांच्या छातीचा घेर, शिंगांची ठेवण, अंगाचा रंग, दुधाची मापं लिहून घ्यावी लागतात. तोवर ही गाय कुठल्याच जातीत मोजली जात नव्हती. आता जात ठरली, बारसं झालं. पुढे काय?

पुढचं काम म्हणजे या जातीतले चांगले वळू शोधणं. चांगला वळू दिसण्यावरून कळत नाही, त्याच्या मुलींच्या दुधावरून कळतो. हिशेब मांडून बघा. खोंड जन्मला की त्याचं रेत घेण्याजोगं व्हायला दोन वर्षं. त्याच्या रेतमात्रा गावोगावच्या गाईंना दिल्या की गाभणपणाचे नऊ महिने. झालेली कालवड चांगली पोसली तरी विण्याला तीन वर्षं, आपल्याकडच्या पोसण्याने बहुधा त्याहून जास्तच. मग तिचं पहिलं वेत ३०५ दिवस मोजायचं. सगळं सुरळीत झालं तरी सात वर्षांच्या घरात बेरीज जाते, आणि तेव्हा कुठे एवढंच समजतं की हा वळू ठेवण्यालायक होता की नव्हता. पिढी सुधारली असं म्हणायला अशा दोन-तीन फेऱ्या हव्यात. म्हणजे एका माणसाची अख्खी नोकरी.

आणि आपल्याकडे संशोधनाचा प्रकल्प मंजूर होतो साधारण तीन वर्षांसाठी. पहिलं वर्ष माणसं नेमण्यात आणि यंत्रखरेदीच्या निविदांत जातं, शेवटचं अहवाल लिहिण्यात. तीन वर्षांत वळूची मुलगी जेमतेम जन्माला आलेली असते. तेवढ्यात प्रकल्पप्रमुखाची बदली होते, नवा येतो तो आपला विषय घेऊन. त्याचंही चुकत नाही. शास्त्रज्ञाची बढती ठरते निबंधांवर: किती छापले, कुठे छापले, त्या नियतकालिकाचं मानांकन किती. सात वर्षं राबून ‘हा वळू निकामी’ असा निष्कर्ष निघाला, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने तो लाखमोलाचा असतो, कारण त्या वळूची हजार वासरं होण्याआधीच ती वाट बंद झाली. पण बढतीच्या अर्जात हे कुठल्या रकान्यात लिहायचं? हुशार माणूस मग सहा महिन्यांत संपणारा विषय घेतो. दह्यात अमुक टक्के आमरस घालून चव पाहिली, वीस परीक्षकांनी गुण दिले, निबंध तयार. त्याला हसावं असं मला वाटत नाही. ज्या खेळाचे नियम आपण लिहिले तोच खेळ तो खेळतोय.

मग गाय सुधारायची कशी? त्यावर आपण एक सोपा तोडगा काढला: सुधारलेली गाय बाहेरून आणायची. घाटावर होल्स्टिन-जर्सी या परदेशी जातींच्या संकरातून दुधाचा पूर आला हे खरंच आहे, आणि त्यामागेही आयुष्य घातलेला एक माणूस होता. मणिभाई देसाई १९४६ साली गांधीजींच्या सांगण्यावरून उरुळीकांचनला आले आणि १९९३ साली जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. त्यांनी १९६७ साली उभी केलेली ‘बाएफ’ ही संस्था रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत घेऊन गेली. आपण त्या कामाचं फळ उचललं, गाय उचलली, ट्रकमध्ये घातली आणि घाट उतरून खाली आणली. उरुळीकांचनला त्या माणसाने काढलेली सत्तेचाळीस वर्षं ट्रकमध्ये मावत नव्हती, ती वरच राहिली.

खाली उतरल्यावर काय होतं त्याचं गणितही दुग्धशास्त्रात आहे. जनावराला किती उकडतंय हे नुसत्या तापमानावर ठरत नाही, हवेतल्या दमटपणावरही ठरतं, आणि दोन्ही मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२च्या पुढे गेला की परदेशी रक्ताच्या दुभत्या गाईवर ताण सुरू होतो, असं धरलं जातं. आता तापमान ३० अंश घ्या. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे घाटावरची कोरडी दुपार, तर निर्देशांक येतो ७५च्या आसपास. त्याच ३० अंशाला ८० टक्के आर्द्रता घाला, म्हणजे आपली जूनची एखादी दमट दुपार, की तो ८३वर जातो. तापमापकावर आकडा तोच. पण वरच्या गाईचा घाम सुकतो आणि खालच्या गाईचा अंगावरच राहतो. ती तोंड उघडून धापा टाकते, वैरण सोडते, दूध उतरतं, माजावर आल्याचं दिसत नाही. त्यात पावसाळ्यात चिखलाने खूर कुजतात, गोचीडतापाची भर पडते. अनुदानातून आणलेल्या दोन संकरित गाई दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कमी भावात परत घाटावर गेल्याची कथा तालुक्यात कुठेही ऐकायला मिळेल. आणि ती सांगून झाली की शेवटी एक वाक्य येतंच: ‘कोकणात दूधधंदा होत नाही.’ गाय नापास झाली नाही, योजना नापास झाली. पण गुणपत्रिका प्रदेशाच्या नावावर निघाली.

प्रश्न कुठला घ्यायचा, हे ठरवण्यात शास्त्रज्ञाचं खरं कसब असतं. स्टीफन बॅबकॉक या अमेरिकन माणसाचं आयुष्य मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. न्यूयॉर्क राज्यातल्या शेतावर १८४३ साली जन्मलेला हा गडी रसायनशास्त्र शिकायला जर्मनीत गॉटिंगेनला गेला, तिथून डॉक्टरेट घेऊन आला आणि १८८८ साली विस्कॉन्सिनच्या कृषी प्रयोग केंद्रात रुजू झाला. त्या वेळी तिथल्या डेअऱ्यांत दूध वजनावर घेतलं जाई. पाणी घालणारा आणि वरची साय काढून घेणारा मजेत, सचोटीचा शेतकरी तोट्यात. बॅबकॉकने १८९० साली एक साधी चाचणी बसवली: दुधात गंधकाम्ल घालायचं, त्यात स्निग्धांश सोडून बाकी सगळं विरघळतं, बाटली गरगर फिरवायची, गरम पाणी घालायचं, मानेशी तरंगून आलेली चरबी खुणांवर वाचायची. कुठल्याही गावातल्या माणसाला शिकवता येईल अशी रीत. त्याने तिचं पेटंट घेतलं नाही. पुढे स्वित्झर्लंडच्या गर्बरची पद्धत आली, तीच आपल्याकडे रुळली, पण तत्त्व तेच: दुधाचा भाव दुधात काय आहे त्यावर.

चाचणीने त्याचं नाव झालं. पण मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते त्याचं दुसरं खूळ. तेव्हाच्या तक्त्यांप्रमाणे दोन खाद्यांत प्रथिनं, पिष्ट, स्निग्ध सारखी भरली की ती खाद्यं सारखी मानत. बॅबकॉकला हे पटेना. त्याचं म्हणणं, गाईला एकाच धान्यावर ठेवून बघू. पशुसंवर्धन विभागाच्या प्रमुखाला आपली जनावरं असल्या उद्योगाला द्यायची नव्हती. फार मिनतवारीनंतर दोन गाई मिळाल्या, त्यातली एक मेली आणि प्रयोग बंद पडला. माणूस गप्प बसला, पण प्रश्न सोडला नाही. शेवटी १९०७ साली त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी सोळा कालवडी घेऊन तो प्रयोग सुरू केला. चार गट: एकाला फक्त मका, एकाला फक्त गहू, एकाला ओट आणि एकाला तिन्हींचं मिश्रण. तक्त्याप्रमाणे चारही आहार समान. कालवडी वाढल्या, गाभण राहिल्या, व्यायल्या, पुन्हा व्यायल्या. मक्यावरच्या गाईंची वासरं धडधाकट निघाली. गव्हावरच्या गाईंची वासरं मेलेली जन्मली किंवा जगली नाहीत. प्रयोग १९११पर्यंत चालला. तक्त्यात नसलेलं काहीतरी खाद्यात आहे, हे त्यातून दिसलं, आणि त्याच केंद्रातल्या मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी १९१३ साली लोण्यातला तो घटक हुडकला, ज्याला आपण आज अ जीवनसत्त्व म्हणतो.

या प्रयोगाला चार वर्षं लागली कारण कालवडीला तेवढी लागतात. तो मुळात सुचल्यापासून धरलं तर दहाहून जास्त वर्षं. आजच्या आपल्या तीन वर्षांच्या चौकटीत बॅबकॉक बसला असता तर मेलेल्या गाईचा खुलासा देता देता निवृत्त झाला असता.

हे सगळं कोकणात सांगायचं कारण असं की आपल्या गोठ्यातही तक्त्यात न बसणारे प्रश्न पडून आहेत. घाटावर ज्वारी-मक्याचा कडबा असतो, आपल्याकडे भाताचा पेंढा. पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के, सिलिका भरपूर, शिवाय त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतात, जनावराच्या अंगी लागू देत नाहीत. घाटावरच्या माणसाने लिहिलेला ‘दुभत्या गाईचा आहार’ आपल्या पेंढ्याच्या उडवीपाशी आला की तिथेच अडतो. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवायचा, मग तो मऊ पडतो आणि पचायला सोपा जातो, ही रीत पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं आहे. किती गोठ्यांत दिसते? का दिसत नाही? पेंढा भिजवायला माणूस नाही म्हणून, की युरियाची धास्ती म्हणून, की झाकायला ताडपत्री असते ती आधी घराच्या पडवीला लागते म्हणून? याचा शोध घेणं हेही दुग्धशास्त्रच. प्रयोगशाळेत बसून मात्र ते होणार नाही.

गवताचं तर त्याहून विचित्र. ऑगस्टमध्ये आपला कातळाचा सडा आणि डोंगरउतार हिरवेगार असतात, कोवळ्या गवतात सत्त्व असतं, पण ते वाळवायचं कसं? ऊन नाही. पाऊस संपून दसरा-दिवाळीच्या सुमाराला गवत कापतात तेव्हा ते फुलून, बी धरून, वाळकं झालेलं असतं. भारे रचले जातात, मुंबईच्या तबेल्यांकडेही पूर्वीपासून जात आले. पण दूध काढायच्या दृष्टीने तो निव्वळ पोटभरीचा चारा. म्हणजे जगात जिथे गवत फुकट उगवतं अशा भागात आपण राहतो आणि ते खायला घालतो त्यातलं सत्त्व उडून गेल्यावर. मग मुरघास करा, म्हणजे हिरवी वैरण हवाबंद दाबून, आंबवून टिकवा, असा सल्ला येतो. मुरघासासाठी वैरण थोडी सुकलेली आणि तिच्यात साखर असलेली हवी. आपलं ऑगस्टचं गवत पाण्याने निथळत असतं, साखर कमी. दाबून ठेवलं तर आंबण्याऐवजी सडतं आणि घाण मारतं. गूळ किंवा मळी घालून बघायची का? पेंढ्याचे थर मधे घालून जास्तीचं पाणी शोषून घ्यायचं का? कॅनिंगच्या कारखान्यामागे ढिगाने पडणाऱ्या आंब्याच्या कोयींचं, काजूच्या बोंडांचं काय? बोंडात साखर आहे, पण टॅनिन हे तुरट द्रव्यही आहे. किती घातलं तर चालतं, गाभण गाईला चालतं का, वेतामागून वेत घातलं तर काय होतं? एखाद्या तरुण दुग्धशास्त्रज्ञाला हे एवढे प्रश्न दिले तर त्याचा जन्म पुरणार नाही. पण त्याला आपण जन्म द्यायलाच तयार नाही, आर्थिक वर्ष देतो.

याची किंमत कोण मोजतं ते सकाळी संकलन केंद्रावर उभं राहिलं की दिसतं. सात वाजता एक बाई वाडीवरून दीड लिटरची किटली घेऊन येते. त्यातलं दूध पेल्यात घेऊन यंत्राच्या नळीखाली धरतात, आकडे चमकतात: फॅट ४.४, एसएनएफ (म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, प्रथिनं, साखर वगैरे) ८.१. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरलेला. फॅट चांगला लागला तरी एसएनएफला कात्री लागते. केंद्रावरचा मुलगा काही बोलत नाही, चिठ्ठी फाडतो. मागे उभे असलेले दोघे मात्र एकमेकांकडे बघतात. पाणी घातलं असणार. बाईलाही ती नजर कळते. तिने पाणी घातलेलं असेलही, मी हमी देत नाही. पण पेंढ्यावर आणि ओंजळभर कोंड्यावर ठेवलेल्या गाईच्या दुधात पाण्याचा थेंब न घालता एसएनएफ खाली येतो, हे दुग्धशास्त्राला ठाऊक आहे. पोटात ऊर्जा आणि प्रथिनं कमी पडली की दुधातली प्रथिनं घटतात. उन्हाच्या ताणानेही घटतात. कासेला सूज असली की लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, उतरतं. बॅबकॉकने सचोटीच्या शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून ज्या मोजणीची सुरुवात केली, तीच मोजणी इथे एका सचोटीच्या बाईला चोर ठरवू शकते, कारण तिच्या गाईचं, तिच्या वैरणीचं, तिच्या हवेचं ‘नेहमीचं’ दूध कसं असतं हे कुणी बसून मोजलेलंच नाही. कोकण कपिलेच्या दुधाचा एसएनएफ जानेवारीत किती, मे महिन्यात किती, पहिल्या वेताला किती, भाकड होत आली की किती, अशी वाडीवाडीवरची दहा-पंधरा वर्षांची नोंद हाताशी असेल तर भाव ठरवणाऱ्यापुढे ती ठेवता येईल. आज ठेवायला काय आहे? तक्ता, आणि तोही घाटावरचा.

स्थानिक जनावर घेऊन बसलं तर काय होऊ शकतं, याचं आपल्या शेजारच्या राज्यातलं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं, पण त्यातलं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. आणंदच्या ‘अमूल’च्या कहाणीत कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल येतात, ते योग्यच. तिसरं नाव हरिचंद मेघा दलाया यांचं. मथुरेकडचा हा माणूस दुग्धतंत्र शिकायला अमेरिकेत मिशिगनला गेला, तिथे कुरियन यांच्याशी ओळख झाली, आणि पुढे आणंदला येऊन तिथलाच झाला. खेडा जिल्ह्यात दूध होतं म्हशीचं. हिवाळ्यात ते उतू जाई, उन्हाळ्यात आटे. जास्तीच्या दुधाची भुकटी करावी तर परदेशी तज्ज्ञांनी सांगून टाकलेलं की म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही; त्यात स्निग्धांश जास्त, केसीन जास्त, कॅल्शियम जास्त. सांगणारे न्यूझीलंडसारख्या देशांतले. तिथे म्हशी नव्हत्या, त्यामुळे त्यांना हे करून बघायची कधी गरजच पडली नव्हती. दलाया यांनी करून बघितलं, फवाऱ्याने वाळवण्याचं तंत्र त्या दुधाला जुळवून घेतलं, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ला नेहरूंच्या हस्ते सुरू झालेल्या आणंदच्या कारखान्यात म्हशीच्या दुधाची भुकटी निघू लागली. ‘आधी म्हशींच्या जागी गाई आणा, मग बोलू’ असं ते म्हणाले असते तर खेडा जिल्ह्याचा शेतकरी आज कुठे असता?

याच काळात मुंबईत कमला सोहोनी होत्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली बाई म्हणून नाकारलेला प्रवेश सी. व्ही. रामन यांच्याशी भांडून त्यांनी मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, ही गोष्ट मराठीत पुष्कळदा सांगितली जाते. सांगायलाच हवी. पण तिथे थांबून आपण त्यांची पुढची कितीतरी वर्षं गाळून टाकतो. माड-ताडाच्या नीरेत काय काय असतं, कुपोषित मुलांना ती दिली तर काय फरक पडतो, डाळींतली प्रथिनं पचतात कशी, आरेच्या दूध प्रकल्पात दुधाचा दर्जा कसा राखायचा, हे त्यांनी मन लावून केलं. गरिबाच्या तोंडात जाणाऱ्या गोष्टींवर केंब्रिजची बाई वर्षानुवर्षं बसली, याचं आपल्याला तेवढं अप्रूप नाही. प्रवेशाच्या भांडणाचं आहे. भांडणात नाट्य असतं, नीरेच्या परीक्षानळीत नसतं. शास्त्रज्ञाच्या आयुष्यातलं नेमकं काय लक्षात ठेवायचं हे समाज असं ठरवतो, आणि मग त्याच मापाने पुढच्या पिढीच्या नेमणुका आणि बढत्या करतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. कोकण कपिला देते दिवसाला दोन-अडीच लिटर. त्यावर कुणाचा संसार चालतो? कोल्हापूरचं पिशवीतलं दूध सकाळी दारात मिळतं. कोकणाने आंबा-काजू करावा, मासे धरावेत, पर्यटक सांभाळावेत. दुधाच्या नादी लागूच नये. बाजारच सांगतोय तर ऐका ना.

आधी मान्य करायचं ते मान्य करतो. नुसत्या कपिलेवर दूधधंदा उभा राहणार नाही, आणि तिच्याभोवती आरत्या ओवाळणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. तिची वीस-वीस लिटरची स्वप्नं दाखवून गोमूत्राच्या बाटल्या विकणारेही पाहिलेत. पण हिशेब नीट करू. दोन-अडीच लिटर देणाऱ्या त्या गाईला विकत आणलेलं खाद्य जवळजवळ नसतं, ती कातळावर चरून येते, औषधाला पैसा लागत नाही, तिचं शेण आंब्याच्या आळ्यात आणि भाताच्या वाफ्यात जातं. घरात दूध, ताक, तूप होतं आणि वर लिटरभर रतिबाला जातं. वीस लिटर देणाऱ्या संकरित गाईच्या खर्चाशी याची तुलना अजून कुणी कोकणात वेतामागून वेत मोजून मांडलेली मला दिसली नाही. असंही होईल की मोजल्यावर कपिला हरेल. सह्याद्रीच्या पायथ्याला गवळी-धनगरांच्या म्हशी आहेत, कदाचित उत्तर त्यांच्यात निघेल. कदाचित थोडं जर्सी रक्त आणि बाकी कपिला असं काही जमेल. कदाचित कोकण कन्याळ शेळीच सगळ्यांना मागे टाकेल. मला उत्तर माहीत असतं तर शास्त्रज्ञ कशाला मागितला असता?

आणि बाजाराचं ऐकायचं तर पूर्ण ऐका. पावसाळ्यात घाटात दरड आली की दुधाची गाडी वर अडकते आणि त्या दिवशी इथे चहा काळा होतो. गावात माणसं उरलीत ती साठीच्या पुढची, पोरं मुंबई-पुण्याला. बैलांच्या जागी पॉवर टिलर आले तशी गुरं मोकाट सुटली, रात्री रस्त्यावर बसतात, दिवसा शेतं खातात. हा सगळा पसारा ‘दूध कोल्हापुराहून येतं’ या एका वाक्यात मावत नाही.

तेव्हा मागणी काय? नवी इमारत नको, त्या भरपूर आहेत. कोकणासाठी दुग्धशास्त्राच्या दोन-तीन जागा अशा काढाव्यात की ज्यांवर आलेल्या माणसाची किमान पंधरा वर्षं बदली होणार नाही. त्याची बढती निबंधांच्या यादीवर न ठेवता दर पाच वर्षांनी गोठ्यात जाऊन तपासावी: किती गाईंची नोंद अखंड राहिली, कुठले वळू नापास केले आणि का, कुठला चारा टिकला, वाडीवरच्या दुधाचा एसएनएफ वर आला की नाही. नोंदीसाठी गुरं विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर बांधायची गरज नाही. ती लोकांच्या दावणीलाच राहू देत. महिन्यातून एकदा, सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं तरी वेताचा अंदाज बांधता येतो, आणि हे काम बचत गटातल्या बाया कुठल्याही प्रकल्प सहायकापेक्षा चोख करतील. त्यांना त्याचे पैसे द्यावेत, सत्कार नको. दूधसंघाच्या सभेतही त्या माणसाला बसायचा हक्क असावा, म्हणजे कात्री लागते तेव्हा कारण सांगायला कुणीतरी असेल.

यात धोका आहे. पंधरा वर्षं एका जागी चिकटलेला माणूस आळशीही निघू शकतो, आपल्याकडे तशी उदाहरणं कमी नाहीत. म्हणूनच तपासणी गोठ्यात हवी आणि तपासणाऱ्यांत निम्मी माणसं दूध घालणारी हवीत. पैशाचं म्हणाल तर अशा तीन जागांचा वर्षाचा खर्च अनुदानातून वाटलेल्या आणि नंतर परत गेलेल्या गाईंच्या खर्चाशी ताडून पाहावा. तो हिशेब जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाच्या कागदांतून निघू शकतो. किती गाई वाटल्या, आणि तीन वर्षांनी त्यातल्या किती दावणीला होत्या? माहितीच्या अधिकारात हे दोनच आकडे मागवायचे. सुरुवात प्रत्येक तालुक्यातून कुणालाही करता येईल, त्याला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.